तिसऱ्या दिवशीचा गाल

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात, नौपाड्यात माझा दातांचा दवाखाना आहे. रात्री दहानंतर फोन वाजतो आणि पलीकडून घाबरलेला आवाज येतो, "डॉक्टर, गाल कालच्या दुप्पट झालाय, काहीतरी बिघडलंय." अशा वेळी मी पहिला प्रश्न विचारते, ऑपरेशनला किती तास झाले? उत्तर बहुतेक वेळा तीस आणि पन्नास तासांच्या मधलं असतं. त्या माणसाचं काहीच बिघडलेलं नसतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणार, एवढं त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

मी बोलते आहे ते दाताच्या मुळाच्या ऑपरेशनबद्दल. रूट कॅनाल झालेलं असतं, वर कॅप असते आणि काही वर्षांनी त्याच दाताजवळ हिरडीवर पुटकुळी येते. म्हणजे मुळाच्या टोकाशी जंतू उरलेले असतात. पुष्कळदा रूट कॅनाल पुन्हा करून भागतं. पण कॅपखाली खिळा बसवलेला असला, वरून वाट मिळत नसली, तर हिरडी बाजूला करून हाडाला छोटी खिडकी पाडतात, मुळाचं टोक साधारण ३ मिलिमीटर कापतात, तिथे सील भरतात आणि हिरडीला टाके घालतात. दात काढावा लागत नाही.

आता सूज. जिथे कापलं, हाड कोरलं, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून पाणी आणि पांढऱ्या पेशी झिरपू लागतात. जखम भरायला जे लागतं ते शरीर तिकडे पाठवतं. गालाचं मांस सैल, म्हणून ते पाणी तिथे साचतं. वरचा दात असेल तर सकाळी उठल्यावर डोळ्याखालीही फुगलेलं दिसतं. ४८ ते ७२ तासांपर्यंत हे चढत जातं, मग उतरायला लागतं आणि आठवड्याभरात बहुतेक निघून जातं. मधे गालावर निळा-पिवळा डाग आला, तो खाली हनुवटीकडे सरकला, तरी घाबरू नका.

म्हणूनच "शनिवारी करा, रविवार मिळतो" हा आग्रह मला पटत नाही. शनिवारचं ऑपरेशन म्हणजे सोमवारी सूज ऐन भरात, आणि तुम्ही ठाणे स्टेशनवर सकाळच्या लोकलमध्ये शिरताय. एखादं कोपर गालावर बसलं की पुरे. मंगळवारी करा, तीन दिवस रजा टाका. सूज चढेल तेव्हा दवाखानाही उघडा असेल.

आपल्याकडे सूज दिसली की आजी शेक द्यायला धावते. पहिले दोन दिवस गरम शेक नको, बर्फ. रुमालात गुंडाळून बाहेरून गालावर १५ ते २० मिनिटं, तेवढीच विश्रांती, पुन्हा. थेट कातडीवर बर्फ ठेवू नका. फ्रिजरमधलं मटारचं पाकीट छान चालतं, गालाच्या आकाराला बसतं. तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक द्या. झोपताना दोन उशा घ्या, डोकं उंच राहू द्या.

माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं, वरच्या पुढच्या दाताचं. ती कळव्याला राहते. बघायला येणाऱ्या प्रत्येकीला ती अंगठ्याने ओठ वर उचलून टाके दाखवायची. चौथ्या दिवशी एक टाका सुटला, हिरडीची कड मोकळी झाली. मी तिला गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या होत्या, पण ओठ उचलू नकोस हे सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक पेशंटला मी हे आधी सांगते.

आणि भात. "भात खाल्ला की पू होतो" हे अजूनही घरोघरी ऐकू येतं. पू होतो तो जंतूंमुळे, भाताने नव्हे. मऊ भात, तूप, मेतकूट, पातळ वरण, खिमट, नाचणीची आंबील, हे सगळं खुशाल खा, फक्त पहिल्या दिवशी गरम नको. मिसळ टाके निघेपर्यंत थांबू शकते. स्ट्रॉने काही ओढू नका, सारखं थुंकू नका. लाळ थोडी गुलाबी येणारच. २४ तासांनंतर ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर तोंडात हलकेच फिरवा, जोरात खळखळ नको. मिश्री, तंबाखू, सिगारेट यांनी जखम भरायला वेळ लागतो, हे मी हात जोडून सांगते.

दुखण्याची गोळी डॉक्टरांनी दिलेलीच, आणि पहिली गोळी भूल उतरायच्या आत. अॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. कपाटात उरलेली अँटिबायोटिक तर नकोच. दुसऱ्या दिवसाची सूज जंतूंची नसते, त्या गोळीने ती उतरणार नाही.

पण काही गोष्टींत वाट बघू नये. उतरायला लागलेली सूज पुन्हा चढली, ताप आला, पू आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जबड्याखाली घट्ट सूज आली, गिळता येईना, श्वास जड झाला, तर दवाखाना उघडायची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. कळव्याला आणि वाशीला महापालिकेची रुग्णालयं आहेत, १०८ वर रुग्णवाहिका मिळते. अशी सूज काही तासांत श्वास अडवू शकते.

टाके साधारण आठवड्याने निघतात. हाड मात्र भरायला महिने घेतं, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढायला बोलावतात. दुखत नाही म्हणून तो टाळू नका. आईचा वर्षानंतरचा एक्स-रे मी खिडकीशी उजेडात धरून तिला दाखवला. मुळाच्या टोकाशी जिथे काळा गोल डाग होता, तिथे हाडाची राखाडी जाळी विणलेली दिसत होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आता पेरू दातांनी तोडू का गं?"

मी म्हटलं, आई, फोडी करून खा.