एप्रिलमधली टेकडी

(वसुंधरा दिनाच्या निमित्तानं पुण्यातल्या बालगंधर्व कलादालनात भरलेल्या एका सामूहिक चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाचं भाषण, संपादित.)

मंडळी, नमस्कार.

आज मी मुद्दाम तासभर आधी आलो. दालनात कुणी नव्हतं, त्यामुळे सगळी चित्रं निवांत पाहता आली. एकूण 41 चित्रं आहेत. विषय तुम्हीच ठरवलेला, निसर्ग आणि आपली पृथ्वी. त्यांतल्या 34 चित्रांत हिरव्या रंगाचंच राज्य आहे. कुणी धबधबा काढलाय, कुणी देवराई, कुणी पृथ्वीच्या गोलातून फुटलेली पालवी. हात चांगले आहेत, तळमळही खरी आहे. पण मला आज त्या हिरव्याबद्दलच बोलायचंय. तुम्ही मला घरचा माणूस म्हणून बोलावलंत, आणि घरच्या माणसानं मनातलं बोलावं.

आज पहाटे मी वेताळ टेकडीवर होतो. गवत आधी सोनेरी होतं, मग फिकट झालं, आता पार राखाडीकडे झुकलंय. एका उतारावर वणवा लागून गेलाय, तिथे सगळं काळं. सालईच्या झाडावर पान नाही. तिच्या खोडाची साल कागदासारखी सुटते, आणि कोवळं ऊन त्या पापुद्र्यातून आरपार गेलं की तो मधासारखा दिसतो. खाणीचा कातळ जांभळट काळा, त्यावर गंजाचे ओघळ. पायवाटेवर तांबडा मुरूम. हिरवं शोधावं लागत होतं.

पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. म्हणजे टेकडी चार-पाच महिने हिरवी, बाकीचे दिवस अशी. हे तिचं आजारपण नाही. पानं गाळून, मुळाशी जीव धरून राहायचं, ही तिची रीत आहे. टेकडीवरून आलात की पँटला कुसळं चिकटतात ना, त्यातलं एक फेकू नका. त्याला पिळदार शेपटी असते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा वळतो, आणि असं वळत-उलगडत ते बी स्वतःला मातीत घुसवतं. आत्ता त्या राखाडी गवताखाली पुढच्या पावसाचं सगळं गवत असं रुतून बसलंय. टिटवी अंडी घालते तीही याच उघड्या, खडकाळ जमिनीवर. अंडी इतकी मातकट आणि ठिपकेदार की दोन पावलांवरून दिसत नाहीत.

हे आपल्या चित्रांत का येत नाही? निसर्ग म्हणजे हिरवं आणि सुकलं म्हणजे मेलं, हे आपल्या मनात फार लहानपणी भरवलं गेलंय. ही चूक फक्त चित्रकारांची असती, तर मी आज दुसऱ्या विषयावर बोललो असतो. सरकारी नोंदींत गवताळ माळ कित्येक वर्षं ‘पडीक’ म्हणून धरले गेले. आपल्या टेकड्या उजाड दिसतात म्हणून त्यांच्यावर गिरिपुष्प लावलं गेलं. ते मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. पटकन वाढतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला गुलाबी बहर येतो, आपण फोटो काढतो. पण त्याची दाटी झाली की खाली गवत तग धरत नाही, आणि गवत गेलं की चंडोल कुठे जाणार? सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात एकदा जाऊन या. चिंकारा अशाच माळावर जगतो. त्याला कुणी दाट जंगल करून दिलं, तर त्याचं घर मोडेल. ज्या नजरेनं आपण कॅनव्हासवर हिरवा ओततो, त्याच नजरेनं माळावर झाडं लावतो.

मी स्वतः हे केलंय. तीसेक वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी मी सिंहगडाच्या पायथ्याचा डोंगरउतार रंगवला होता, मे महिन्यातला. चित्र परत आलं. म्हणाले, ‘जरा प्रसन्न करून द्या.’ मला पैशांची गरज होती. दोन दिवसांत मी त्यावर पोपटी चढवला. चित्र गेलं, पैसे आले. त्या उतारावर गुरांनी पाडलेली एक नागमोडी वाट होती, महिनाभर रोज सकाळी मी तिच्यावरून चढलो होतो. ती पोपटीखाली गेली. आजही मला त्याचं वाईट वाटतं.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी बहुतेक रंग पायाखालून उचलले. लाल म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, दोन्हींत लोहच. निळा तेवढा दूरदेशीच्या लाजवर्दी खड्यापासून आला. आणि हिरवा? तोही पानांचा नाही. पानाचा रस कागदावर चोळून बघा, काही दिवसांत त्याचा रंग उडतो. अजिंठ्याचा हिरवा म्हणजे हिरवी माती, आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारं खनिज. हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. म्हणजे तो हिरवासुद्धा दगडाचाच. मंद, किंचित निळसर, राख मिसळल्यासारखा. ट्यूबमधला हिरवा त्याच्या शेजारी ठेवला तर किंचाळतो.

आपण उभे आहोत ते बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी सुरू झालं. त्याच वर्षी 24 डिसेंबरला ‘अपोलो 8’ मधून विल्यम अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर वर येणाऱ्या पृथ्वीचा फोटो काढला. घरी गेल्यावर तो पुन्हा नीट बघा. निळं आहे, पांढरं आहे, थोडं तपकिरी आहे. हिरवं जवळजवळ दिसतच नाही. ती आपलीच पृथ्वी, तरी तिचं चित्र काढायला बसलो की आपला हात आधी हिरव्याकडे जातो.

आता एका चित्राबद्दल सांगतो आणि थांबतो. दारातून आत आलात की डाव्या हाताला, पोस्टकार्डापेक्षा जरा मोठं, वाळलेल्या गवताचा एकच झुबका. गेरू आणि काजळी, दुसरा रंग नाही. जवळ गेलात तर गेरूचे कण दिसतात, कारण तो हे चित्र काढणाऱ्या मुलीनं स्वतः कुटलाय आणि पुरता वस्त्रगाळ केलेला नाही. आणि उजव्या कोपऱ्यात कागदात एक खरंखुरं कुसळ रुतलंय. टेकडीवर बसून चित्र काढताना शिरलं असणार. मघाशी ती आली तेव्हा मी तिला विचारलं, ‘हे काढलं का नाहीस गं?’ ती म्हणाली, ‘सर, काढायला गेले तर कागद फाटेल, इतकं आत गेलंय.’

चला, आधी ते बघून घेऊ या.