सात अठ्ठे छप्पन

सुरुवातीला एकच विचारतो. सात अठ्ठे?

छप्पन. निम्म्या सभागृहानं माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच उत्तर दिलं. आता सांगा, आठ वेळा सात मिळवून कोणी पाहिलं? कोणीच नाही. "सात अठ्ठे" कानावर पडलं आणि "छप्पन" जिभेवर आलं, पाठ असलेल्या कवितेची पुढची ओळ यावी तसं. आज मला जे सांगायचंय ते एवढंच आहे: पाढा हे आधी बोलणं आहे आणि मग गणित. तो कान आणि जीभ यांच्यामध्ये राहतो. म्हणून ज्या ज्या समाजानं पाढे केले, त्यानं आकड्यांइतकीच मेहनत शब्दांवर घेतली. पत्रिकेवर विषय "कॅल्क्युलेटरच्या काळात पाढे कशाला?" असा छापलाय. त्याच्याकडे येणारच आहे. पण पाढा म्हणजे काय हे कळल्याशिवाय तो कशाला हवा, हे कसं सांगणार?

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो एका अपमानामुळे. शाळा मराठीत झाली होती, कॉलेज इंग्रजीत. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा होती. समोर बाहेरून आलेले परीक्षक. त्यांनी मोजमापं घ्यायला लावली आणि तिथल्या तिथे गुणाकार विचारला. मी पुटपुटलो, "नव सक चोपन्न, हातचे पाच..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "इथे इंग्रजीत विचार करायचा." मी प्रयत्न केला, मनापासून केला. "नाइन सिक्स..." म्हटलं आणि पुढे काळोख. उत्तर समोर होतं पण त्याच्याकडे जायचा रस्ताच दुसऱ्या भाषेत होता. शेवटी घाईत चुकीचा आकडा सांगितला. त्यांनी वहीवर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. आपल्याला गणित येत नाही, असं त्यानंतर वर्षभर मला वाटत राहिलं. बाकांवर माझ्यासारखी आणखी किती मुलं असतील, हा विचार अजून मला गप्प बसू देत नाही.

पुष्कळ वर्षांनी एक प्रयोग वाचनात आला आणि छातीवरचं ओझं उतरलं. एलिझाबेथ स्पेल्के आणि सान्ना त्सिव्हकिन यांनी रशियन आणि इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्यांना काही नवी गणितं एकाच भाषेत शिकवली आणि मग दोन्ही भाषांत विचारली. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. नेमकं उत्तर हवं असेल तर ज्या भाषेत शिकलो त्या भाषेत ते लवकर येतं, दुसऱ्या भाषेत वेळ लागतो. साधारण अंदाज विचारला, तर भाषेनं फरक पडत नाही. म्हणजे अंदाज डोक्यात असतो आणि नेमका आकडा भाषेत असतो. त्या परीक्षकांनी मला जे करायला सांगितलं, ते तेवढ्या वेळात कोणालाच जमलं नसतं.

आता चीनकडे जाऊ. तिथे पाढ्यांना "नऊ-नऊ" म्हणतात, कारण पूर्वी म्हणायला सुरुवात नऊ नव्वे एक्क्याऐंशीपासून होई आणि मग खाली उतरत. हूनान प्रांतात लीये इथल्या एका जुन्या विहिरीत २००२ साली छिन काळातल्या लाकडी पट्ट्या सापडल्या. त्यांत हे पाढे आहेत, बावीसशे वर्षांपूर्वीचे. पण मला जास्त आवडते ती त्यांची रचना. चिनी मूल "दोन दोन चार" असं म्हणत नाही. तीन ठेके झाले की ओळ लंगडते, म्हणून मध्ये "द" घालतात, म्हणजे "मिळाले": "दोन दोन मिळाले चार". झाले चार ठेके. तीन पाचे पंधराला असं काही लागत नाही, कारण पंधरा हा शब्दच "दहा पाच" असा दोन ठेक्यांचा आहे. आणि दोन पाचे दहा? तिथे नुसतं "दहा" न म्हणता "एक दहा" म्हणतात. ठेका भरला पाहिजे! जपानी मुलंही उत्तर एक अंकी असेल तर मध्ये "गा" घालतात आणि दोन अंकी असेल तर तो गाळतात. दोन्ही देशांत हे हिशेबासाठी केलेलं नाही, जिभेसाठी केलंय.

जपानी लोकांच्या अंगात हे पाढे इतके मुरले होते, की आठव्या शतकात संकलित झालेल्या "मान्योशू" या काव्यसंग्रहात "शिशी", म्हणजे शिकारीचं जनावर, हा शब्द काही ठिकाणी सोळाचा आकडा घालून लिहिलाय. "शि" म्हणजे चार, आणि चार चोक सोळा! वाचणाऱ्याला पाढा येतोच असं धरून कवितेचा लेखनिक लिहितोय. बाराशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. मला तर वाचल्यावर उठून फेऱ्या माराव्याशा वाटल्या.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय चीनमधून निघवत नाही. छी राज्याचा हुआन नावाचा राजा होता, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात. त्यानं गुणी माणसांच्या स्वागतासाठी अंगणात मशाली पेटवून ठेवल्या. वर्ष गेलं, कोणी आलं नाही. मग एक खेडूत आला. "काय येतं?" "पाढे येतात." राजा हसला, म्हणाला, "पाढे हा काय दाखवायचा गुण आहे?" खेडूत म्हणाला, "नाहीच. पण तुमच्यापुढे आपण थिटे पडू या भीतीनं विद्वान येत नाहीत. पाढे येणाऱ्याचाही तुम्ही मान ठेवलात असं कळलं, तर ते येतील." राजानं त्याचा सत्कार केला आणि महिन्याभरात चारी दिशांनी माणसं आली. गोष्ट आहे, इतिहास नव्हे. पण त्या काळीही पाढे म्हणजे अगदी साधी गोष्ट मानली जात होती, हे तिच्यातून दिसतं.

मराठीनं काय केलं ते आता पाहा. आपण "दोन तीन सहा" म्हणत नाही. "बे त्रिक सहा", "बे चोक आठ", "बे पंचे दहा". गुणणाऱ्या आकड्याला आपण वेगळा शब्द दिला: दुणे, त्रिक, चोक, पंचे. कुठला आकडा कोणाला गुणतोय हे कानालाच कळतं. आणि उत्तर? "छप्पन." दोन ठेके. "सात अठ्ठे छप्पन", मोजा, पाच ठेक्यांत सगळा गुणाकार आटोपला. आपल्याकडे शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र, घोटून गुळगुळीत झालेला शब्द आहे. त्याची किंमतही आपण मोजतो. चिनी मुलाला दहापर्यंतचे आकडे आले की नव्व्याण्णवपर्यंतचे जोडून करता येतात. आपल्या मुलाला त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर वेगवेगळे शिकावे लागतात, एकुणसत्तर म्हणताना सत्तरातून एक काढावा लागतो आणि चोवीस म्हणताना आधी चार ऐकून ते लिहायचे मात्र नंतर.

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "साठ तीन", "सत्तर दोन" असं संख्यावाचन आलं. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांचे अवघड संख्याशब्द लहान मुलांना घाबरवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर जी टिंगल झाली ती तुम्हाला आठवत असेल. मला ती अजिबात आवडली नव्हती. नॉर्वेनं १९५१ साली हेच देशभर केलं. तिथेही "एक आणि वीस" म्हणायची पद्धत होती. टेलिफोनवर आकडे सांगताना घोटाळे होत, म्हणून १ जुलै १९५१ पासून अधिकृत पद्धत "वीस एक" झाली. शाळांत ती शिकवली गेली. जुनी पद्धतही मेली नाही, आजही दोन्ही ऐकू येतात.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवा, पण दोन वेगळ्या कामांसाठी. संख्या ओळखायला, लिहायला "पन्नास सहा" उत्तम. नारळीकरबाईंचं तिथे शंभर टक्के बरोबर होतं. पण पाढ्यात "सात अठ्ठे पन्नास सहा" म्हणून पाहा. म्हणा मोठ्यानं... ओळ सांडते. पाढ्याला छप्पनच हवं.

आता माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा भाग: अपूर्णांकांचे पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. औट साते? ... मागच्या रांगेतून आलं, साडेचोवीस, शाबास! पुढची रांग अजून मोजतेय, मोजू द्या.

अडीच हा शब्द आला "अर्धतृतीय" यावरून. दोन पुरे झाले आणि तिसऱ्यातलं अर्धं. औट आला "अर्धचतुर्थ" यावरून, चौथ्यातलं अर्धं. आता ऐका. जर्मन माणूस अडीच वाजले हे सांगताना "अर्धे तीन" म्हणतो. आणि डेन्मार्कमध्ये पन्नासला म्हणतात "हालत्रेस". मूळ लांबलचक शब्दाचा अर्थ आहे "अर्धा-तिसरा गुणिले वीस". अर्धा-तिसरा म्हणजे आपला अर्धतृतीय! अडीच विसा पन्नास! सत्तरला ते म्हणतात "अर्धा-चौथा गुणिले वीस". म्हणजे औट विसा सत्तर. आपली औटकी डेन्मार्कमध्ये रोज बोलली जाते, बोलणाऱ्याला पत्ता नाही आणि आपल्यालाही नाही.

आणि हे अपूर्णांक फक्त आपल्याकडे नव्हते. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाकडे बांबूच्या पट्ट्यांवरचं एक कोष्टक आहे, सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीचं. त्यात पूर्णांकांबरोबर अर्धासुद्धा आहे. म्हणजे चीनची निमकीच. रोमन पोरांना बारांशाला, म्हणजे एका बाराव्या भागाला, आणि त्याच्या पटींना वेगवेगळी नावं पाठ असत. "पाच बारांशांतून एक काढला, काय उरलं?" असं विचारलं की उत्तर "एक तृतीयांश". तमिळ मुलांच्या जुन्या अंकलिपीत तर एक तीनशेविसांशालाही नाव आहे, "मुंदिरी".

माझ्या आजीला औटकी येत होती. तिला लिहिता येत नव्हतं. पीठ चाळताना ती म्हणायची, आणि तिचे शब्द आज छापील पुस्तकांत दिसतात तसे नव्हते, थोडे वेगळे होते, चालही वेगळी होती. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तोवर त्या पाढ्यांवाचून घर चालत नव्हतं. १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर आणि मण गेले, आणि पावकी-निमकी शाळेतून निघाली. मी तेव्हा ती उतरवून घेतली नाही. आजी गेली तेव्हा एक अख्खा पाढा गेला.

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं राहिली. मुख्य विषय अजून तसाच आहे, तेव्हा भरभर सांगतो.

कॅल्क्युलेटर असताना पाढे कशाला? कारण लांब गुणाकारात, भागाकारात, अपूर्णांकांच्या छेदात प्रत्येक पायरीवर एक छोटा गुणाकार दडलेला असतो. तिथे थांबावं लागलं की वरचा विचार निसटतो. कॅल्क्युलेटर उत्तर देतो, पण छप्पन दिसल्यावर "हे तर सात अठ्ठे" असं ओळखायला तो शिकवत नाही, आणि बीजगणितात लागते ती ही ओळख.

दुसरं. नुसतं पाठांतर पुरत नाही, हेही तितकंच खरं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका मुलाला विचारलं, पस्तीसचा एक तर दहा नारळ कितीला? तो म्हणाला, तीनाचे एकशे पाच, आणखी तीन म्हणजे दोनशे दहा, अजून चार हवेत... तीनशे पंधरा... तीनशे पन्नास. शून्य चढवायची शाळेतली युक्ती त्यानं वापरली नाही, पण संख्या तोडायची कशी आणि जोडायची कशी हे त्याला पक्कं कळलं होतं. हीच मुलं कागदावरच्या तशाच गणितात अडखळली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल २०२५ मध्ये हेच दाखवलं, आणि उलटंही: शाळेतली मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. दोन्हीकडे ज्ञान आहे, मधला पूल नाही. शाळेनं बांधायचा तो हा पूल.

तिसरं, घाई नको. इंग्लंडमध्ये २०२२ पासून चौथ्या वर्गात सक्तीची पाढे-चाचणी आहे, पंचवीस प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. उत्तर आपोआप आलं पाहिजे, हे मान्य. पण घड्याळानं घाबरलेल्या मुलाचं काय होतं, ते मी त्या तोंडी परीक्षेत भोगलंय.

मग करायचं काय? पाढे मोठ्यानं, ठेक्यात, सगळ्यांनी मिळून म्हणावेत, मुलाच्या पहिल्या भाषेत. दुसरी भाषा आली की तिच्यातही म्हणावेत, पण पहिली पुसू नये. चिनी मुलं पंचेचाळीसच ओळी म्हणतात, कारण तीन पाचे आणि पाच त्रिक एकच, हे त्यांना आधीच दाखवलेलं असतं. आपण तीसपर्यंत तीनशे ओळी पाठ करून घेतो आणि ही गोष्ट सांगायला विसरतो. बारापर्यंत पक्कं करा, पुढचे तोडून करायला शिकवा: सतरा सत्ते म्हणजे दहा सत्ते सत्तर आणि सात सत्ते एकोणपन्नास, मिळून एकशे एकोणीस. त्या ब्राझीलच्या पोरासारखं. आणि दिडकी, अडीचकी परत आणा. अर्धा आणि पाव अजून आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत, फक्त त्यांचे पाढे गेलेत.

वेळ संपली. एक विनंती आहे. इथे काही पांढरे केस मला दिसताहेत. ज्यांना औटकी येते, पूर्ण किंवा अर्धवट, पुस्तकातली नव्हे, घरी ऐकलेली, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटं थांबा. वही आणलीये. तुम्ही म्हणा, मी तुमच्याच शब्दांत उतरवून घेतो.