नेमकं काय वाकलं?

आज वाक-चाचणी बघू, म्हणजे पट्टी वाकवून पदार्थाचा ताठपणा आणि ताकद मोजणं. माझ्या हातात एक खोडरबर आहे. त्याच्या बाजूवर मी पेनाने सारख्या अंतरावर उभ्या रेघा आखल्यात. आता त्याचा मधला भाग खाली झुकेल असा तो वाकवतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, वरच्या कडेला रेघा एकमेकींजवळ सरकल्या आणि खालच्या कडेला फाकल्या. मधोमध मात्र अंतर होतं तेवढंच राहिलं. वर दाब, खाली ताण, आणि मध्ये एक थर असा, की त्याच्या वाट्याला दोन्हींतलं काहीच येत नाही. त्याला उदासीन अक्ष म्हणतात.

हे आज सोपं वाटतं, पण गॅलिलिओसारख्या माणसाचीही इथे चूक झाली. 1638 साली छापलेल्या ग्रंथात त्याने भिंतीत रोवलेल्या, टोकाला वजन टांगलेल्या तुळईचा विचार केला. तुळई खालच्या कडेवर बिजागरीसारखी फिरते आणि साऱ्या उंचीभर सारखाच ताण असतो, असं त्याने धरलं. त्या हिशोबाने तुळईची ताकद खरीच्या तिप्पट येते. मात्र उंची दुप्पट केली की ताकद चौपट होते, हे त्याचं म्हणणं पक्कं निघालं. दाब आणि ताण यांची वाटणी नीट मांडायला पुढे कूलॉम हा फ्रेंच अभियंता यावा लागला, 1773 साली. नंतर 1826 मध्ये नाव्हिए या फ्रेंच अभियंत्याची व्याख्यानं छापून आली आणि आपण आज शिकतो तो सिद्धांत रूढ झाला.

आता वाक-चाचणीच्या मशिनकडे येऊ. खाली दोन रोलर, त्यांवर पट्टी आडवी ठेवायची, वरून तिसरा रोलर बरोबर मधोमध उतरतो. जोर किती लागला ते लोड सेल, म्हणजे जोर मोजणारा संवेदक, सांगतो. ही तीन-बिंदू चाचणी. प्लास्टिकसाठी आयएसओ 178 नावाचं मानक आहे. त्यातली नेहमीची पट्टी 80 मिलिमीटर लांब, 10 रुंद आणि 4 जाड. आधारांमधलं अंतर, म्हणजे स्पॅन, जाडीच्या 16 पट, 64 मिलिमीटर. ही 16 पट उगाच नाही. स्पॅन फार आखूड ठेवला तर पट्टी नुसती वाकत नाही, तिचे थर एकमेकांवर घसरू पाहतात आणि ती आहे त्यापेक्षा मऊ भासते. तंतू घातलेल्या कॉम्पोझिटमध्ये हा परिणाम इतका मोठा असतो, की तिथे स्पॅन जाडीच्या 32 किंवा 40 पटीपर्यंत नेतात.

जाडीबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय. मापांक, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे ते सांगणारा आकडा, काढताना जाडीचा घन घेतात. 4 मिलिमीटरच्या पट्टीची जाडी तुम्ही 3.9 लिहिलीत, तर चूक अडीच टक्क्यांची नाही, उत्तर जवळपास 8 टक्क्यांनी फुगतं. मोल्ड केलेली प्लास्टिकची पट्टी थंड होताना बऱ्याचदा मध्ये किंचित दबते. व्हर्निअरचे लांब जबडे दोन्ही कडांवर टेकतात, मधली खोलगट जागा त्यांना सापडतच नाही. म्हणून मायक्रोमीटर घ्या आणि मधल्या भागातच, निदान दोन-तीन जागी मोजा. मशीन कितीही महागडं असो, ही जाडी शेवटी माणूसच टाईप करतो.

दुसरी गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रयोगशाळेत कार्बन फायबरच्या पट्ट्या तपासत होतो. आकडे सतत कमी यायचे. आम्ही रेझिनला, म्हणजे तंतू धरून ठेवणाऱ्या राळेला, दोष दिला, भट्टीच्या तापमानाला दिला, बनवणाऱ्यांशी वाद घातले. शेवटी एका वडीलधाऱ्या तंत्रज्ञांनी ग्राइंड केलेली पोलादी पट्टी आणून माझ्यासमोर रोलरवर ठेवली. म्हणाले, “पोलादाचा मापांक तुला पाठ आहे ना? आता मशीनला विचार.” मशीनने फारच कमी सांगितला.

कारण काय, ते याच मापाच्या पट्टीवर बघू. 10 बाय 4 मिलिमीटरची पोलादी पट्टी, स्पॅन 64. तिच्यावर 100 न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोंचं ओझं दिलं, तर ती वाकते 0.05 मिलिमीटर. आता समजा, त्याच ओझ्याखाली मशीनची चौकट, लोड सेल आणि रोलरचे ठोकळे मिळून 0.01 मिलिमीटर दबले. क्रॉसहेड, म्हणजे वरचा रोलर धरणारा मशीनचा सरकता भाग, किती उतरला एवढंच आपण मोजत असू, तर वाक 0.06 दिसणार आणि 200 गिगापास्कल मापांकाचं पोलाद 167 चं ठरणार. त्याच ठिकाणी 2.5 गिगापास्कलचं प्लास्टिक ठेवा. ते 100 न्यूटनला चार मिलिमीटरहून जास्त वाकेल, त्यात 0.01 कुठल्या कुठे हरवून जाईल. म्हणजे तेच मशीन प्लास्टिकला खरं बोलतं आणि ताठ कार्बन फायबरला खोटं. उपाय साधाच: पट्टीच्या मधोमध, खालून, डायल गेज किंवा एलव्हीडीटी (सूक्ष्म सरकणं मोजणारा विद्युत संवेदक) लावायचा. मग पट्टी किती वाकली तेवढंच कळतं, मशीन किती वाकलं ते त्यात मिसळत नाही.

आणि हे मोजणं घडतं तरी केवढ्याशा जागेत! आयएसओ 178 मध्ये मापांक 0.05 ते 0.25 टक्के विकृतीच्या दरम्यान काढतात; विकृती म्हणजे पट्टीची बाहेरची बाजू मूळ लांबीच्या मानाने किती ताणली गेली ते. आपल्या पट्टीसाठी याचा अर्थ वाक 0.085 पासून 0.43 मिलिमीटरपर्यंत. मिनिटाला 2 मिलिमीटर वेगाने हा सगळा प्रवास दहा सेकंदांत आटोपतो. रोलर नीट टेकले नसतील, पट्टी किंचित डुगडुगत असेल, तर ती ढिलाई नेमकी याच तुकड्यात शिरते. जोर आणि वाक यांच्या आलेखाचा पाय सुरुवातीला वाकडा दिसला, तर तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धातूंच्या वाक-चाचणीचं काम वेगळं. तिथे बहुतेकदा मापांक नको असतो. सळई ठरावीक व्यासाच्या मँड्रेलभोवती, म्हणजे गोल दांड्याभोवती, वाकवायची आणि बाहेरच्या बाजूला भेग दिसते का, ते डोळ्यांनी पाहायचं.

सिरॅमिक आणि काच यांची गोष्ट मला सर्वांत जिव्हाळ्याची. हे पदार्थ सरासरीने तुटत नाहीत, सर्वांत वाईट ओरखड्यापासून तुटतात. तीन-बिंदू चाचणीत सर्वाधिक ताण फक्त मधल्या रोलरसमोरच्या एका रेषेवर असतो. वाईट ओरखडा तिथून दोन मिलिमीटर बाजूला असेल तर तो वाचतो, म्हणून ताकद जास्त दिसते. चार-बिंदू चाचणीत वर दोन रोलर असतात आणि त्यांच्यामधल्या साऱ्या पृष्ठभागावर सारखाच ताण येतो. त्यामुळे लपायला जागा उरत नाही. 3 बाय 4 मिलिमीटरच्या पट्टीसाठी बाहेरचा स्पॅन 40 आणि आतला 20 हा प्रघात आहे. तुटल्यावर तुकडे टाकून देऊ नका. दोन्ही अर्धे शेजारी ठेवून भेग कुठून निघाली ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा. ती पट्टीच्या कडेवरून निघाली असेल, तर तुम्ही पदार्थाची नव्हे, कड घासणाऱ्याच्या हाताची परीक्षा घेतलीत.

इथे टेबलावर प्लास्टिकची एक पट्टी आणि ती पोलादी पट्टी, दोन्ही आहेत. आधी पोलादी लावू. कोणीतरी मायक्रोमीटर घेऊन पुढे या, तीन जागी जाडी मोजा आणि आकडे मोठ्याने वाचा. बाकीच्यांनी लिहून घ्या.