जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी आल्याआल्याच मला विचारले, की संगणकाच्या जुन्या डिस्कवरचे सगळे निवडून नव्या डिस्कवर चिकटवले, तर काम भागणार नाही का? आजचा निम्मा विषय त्यांच्या या प्रश्नातच आहे. फोटो, बिले, हिशेबाच्या फायली अशा रीतीने निश्चित जातात. संगणक मात्र त्या डिस्कवरून सुरू होत नाही.

सोलापुरात याचे कारण सांगणे सोपे आहे. विणून झालेली चादर दुसऱ्या कारखान्यात नेली, म्हणून तिथला माग तीच नक्षी विणू लागत नाही. त्यासाठी जॅकार्डवर माळेसारखी फिरणारी भोकांची कार्डे लागतात, आणि ती चादरीत कुठेच दिसत नाहीत. एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीत 512 बाइटांचा पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कचा अगदी पहिला तुकडा, असाच असतो: तो कोणत्याही फायलीचा भाग नसतो, पण त्यातले 446 बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी आणि 64 बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्यासाठी राखलेले असतात. संगणक सुरू करण्याच्या नव्या यूईएफआय पद्धतीत हे काम फॅट32 या फाइल पद्धतीत फॉरमॅट केलेल्या एका लहानशा पार्टिशनकडे असते आणि विंडोज त्याला सहसा ड्राइव्हचे अक्षरही देत नाही. जे दिसतच नाही ते निवडणार कसे?

म्हणून फायलींची नव्हे, तर अख्ख्या डिस्कची प्रत करावी लागते. तिला क्लोन म्हणतात. नवी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडावी, क्लोनझिलासारखा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि कोणती डिस्क वाचायची व कोणतीवर लिहायचे, हे मॉडेल क्रमांक ताडून ठरवावे, कारण दिशा उलटी झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. जुनी डिस्क आधीच कुरकुरत असेल, तर क्लोनच्या भानगडीत पडण्यापूर्वी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढून घ्याव्यात. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला कुलूप घालणारे साधन, चालू असेल, तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर हवी.

क्लोन झाल्यावर पुष्कळांची निराशा होते, कारण डिस्क मोठी असूनही सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच राहतो. रिकामी जागा शेवटी पडलेली असते आणि मध्ये बहुधा विंडोजच्या दुरुस्तीसाठीचे रिकव्हरी पार्टिशन आडवे आलेले असते. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या मोफत प्रोग्रामने ते शेवटी सरकवले, की सी वाढवता येतो. 2 टीबीच्या पुढची डिस्क घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. एमबीआरच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक 32 बिटांचा असल्याने 512 बाइटांच्या हिशेबाने साधारण 2.2 टीबीपलीकडची जागा त्याला मोजताच येत नाही. तिथे जीपीटी ही नवी मांडणीच हवी, आणि त्यावरून विंडोज सुरू करायला मदरबोर्डही यूईएफआयचा लागतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका सूत व्यापाऱ्याकडे मी 500 जीबीच्या जागी 1 टीबीची डिस्क बसवली, पण जुनी डिस्क तशीच जोडलेली ठेवली आणि संगणक आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा हा बायोसमधला क्रमही बदलला नाही. संगणक अर्थातच जुन्या डिस्कवरून सुरू होत राहिला. क्लोनमुळे दोन्ही डिस्कची सही, म्हणजे ओळख क्रमांक, एकच असल्यामुळे विंडोजने नवी डिस्क ऑफलाइन, म्हणजे बंद, ठेवली, त्यामुळे ती कुणाला दिसलीही नाही. चार दिवसांनी मी जुनी डिस्क काढली आणि मुनीमजींचा फोन आला, की चार दिवसांची बिले गायब आहेत. जुनी पुन्हा जोडताच ती सापडली, पण तोवर शेठजींचा चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता. सी ज्या डिस्कवर होता ती 465 जीबीची दिसत होती की 931 ची, एवढे पाहिले असते तरी पुरे होते. 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 अशीच दिसते.

तेव्हापासून पहिल्यांदा संगणक सुरू करण्यापूर्वी मी जुनी डिस्क काढून हातात घेतो, तिच्यावर मार्करने तारीख घालतो आणि महिनाभर तरी ती पुसू देत नाही.