वाटाघाटींच्या वर्गात स्त्री-पुरुष फरकाची चर्चा

सभासद बंधू-भगिनींनो,

वाटाघाटी शिकवताना स्त्री-पुरुषांच्या पद्धतींतील फरकाचा विषय निघतोच. तो कोणत्या क्रमाने मांडला जातो, यावर विद्यार्थी त्यातून काय घेऊन जातील हे ठरते, असे माझे ठाम मत आहे.

अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा पहिल्या नोकरीत जादा पगार मागणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ५७ टक्के, तर स्त्रियांत अवघे ७ टक्के आढळले. शिक्षक एवढेच सांगून थांबला, तर ‘मुलींनी धीट व्हावे’ हाच धडा उरतो, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. हॅना राइली बाउल्स, बॅबकॉक आणि लेई लाय यांच्या २००७ मधील प्रयोगांत पगाराची बोलणी सुरू करणाऱ्या स्त्रीविषयी, विशेषतः पुरुष परीक्षकांचे मत, तसेच करणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत अधिक प्रतिकूल झाले. मागितल्याने आपल्याविषयी नाराजी होईल, हा स्त्रियांचा अंदाज म्हणजे निव्वळ भित्रेपणा नव्हे. शिवाय लीबब्रांट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात, पगाराबाबत बोलणी करता येतील असे जाहिरातीत स्पष्ट लिहिताच मागण्याच्या प्रमाणातला स्त्री-पुरुष फरक मावळला.

म्हणून मी आधी सराव घेतो आणि संशोधन नंतर सांगतो. फरक आधीच जाहीर केला, तर त्या अपेक्षेचाच परिणाम विद्यार्थ्यांच्या कामगिरीवर होऊ शकतो. सरावात प्रत्येकाने एकदा स्वतःसाठी आणि एकदा सहकाऱ्यासाठी पगार ठरवायचा असतो. एका विद्यार्थिनीने स्वतःची मागणी ‘जमत असेल तर’ अशी सुरू केली आणि उत्तर येण्याआधीच आकडा खाली आणला; सहकाऱ्याच्या वेळी मात्र तिने कारणांसह आकडा मांडला आणि समोरचा बोलेपर्यंत ती शांत बसली. कौशल्य तिच्याकडे होतेच. स्वतःसाठी अवघडून मागणारे मुलगेही वर्गात असतात, आणि त्यांच्याकडे आपले फारच कमी लक्ष जाते.

त्यानंतरच्या चर्चेत ‘स्त्री म्हणून तुला काय वाटते?’ हा प्रश्न मी कोणालाही विचारू देत नाही, कारण एका विद्यार्थिनीवर साऱ्या स्त्रियांची वकिली लादणे योग्य नाही. त्याऐवजी मालकाच्या भूमिकेतील विद्यार्थ्यांना, मागणी ऐकताक्षणी समोरच्या व्यक्तीविषयी मनात आलेले पहिले विशेषण लिहून ठेवायला सांगतो, आणि चर्चेची सुरुवात त्या कागदांवरून करतो.