पाय दुखत नाही, हीच तक्रार

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मधुमेह : निदान ते उपचार’. तो येईलच, पण आधी पाय. साखरेचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तळपाय शेवटचा कधी बघितलात, असं विचारलं की माणसं पंख्याकडे बघायला लागतात. बघा, लागलीच!

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, त्यातही सर्वांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, रात्रीची आग, मग काहीच नाही. आग थांबली म्हणून माणूस खूश! अहो, आग कळवणारी नसच गेली. घामाच्या नसाही जातात, त्यामुळे कातडी कोरडी पडते आणि टाचांना भेगा पडतात. त्यावर आपला घरगुती रामबाण कोणता? बिब्बा! धड पायाला चटका बसला तर माणूस बोंबलतो तरी. बधिर पायाची कातडी भाजून फोड आला तरी पत्ता लागत नाही. गरम पाण्यात पाय शेकणं, पायाचं कुरूप ब्लेडने तासणं, मेडिकलमधली कुरुपाची पट्टी चिकटवणं, सगळी त्यातलीच भावंडं.

ओहोटीला खडपावर कालवं काढताना शिंपल्याने कापलं, मे महिन्यात भर दुपारी कातळावरून अनवाणी गेलात, लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. कुठेही जंतूंना वाट मिळते. जखम झालीच तर नुसती मलमपट्टी करून हिंडू नका. त्या जागेवरचा भार काढल्याशिवाय ती भरत नाही. जखम नसताना एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला, तर त्यावर न चालता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणी सोपी आहे. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा असतो. तुम्ही डोळे मिटायचे, डॉक्टर तो अंगठ्याला आणि चवड्याला वाकेपर्यंत टेकवतात, तुम्ही ‘कळलं’ म्हणायचं. वर्षातून एकदा तरी हे मागून घ्या. घरी रोज रात्री आरशात तळवे बघा, बेचके कोरडे करा. खोबरेल टाचेला लावा, बेचक्यांत नको. नखं सरळ कापा. चप्पल संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. घरातही चप्पल घाला. आज्यांनो, देवघर सोडून!

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं, निदान. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा वर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी साडेसहा टक्के किंवा वर. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारायचा नाही, दुसऱ्या तपासणीने खात्री करायची. आणि तपासणीआधी दोन दिवस भात सोडून कुणाला फसवताय? एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. मात्र रक्तक्षय असेल तर तो आकडाही चकवतो, तेव्हा डॉक्टरांना सांगा. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे एक प्रथिन, दरवर्षी तपासा.

इन्सुलिन फ्रीजच्या दारात चालेल, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. वादळात वीज गेली तर ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवा.

साखर ७० च्या खाली आली, घाम, थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.