घड्याळ कुणाच्या मनगटावर?

मघाशी दाराशीच एका पालकांनी गाठलं. ‘सर, पोराला बाहेरची ऑफर आलीय. कंपनीच व्हिसा काढतेय, म्हणजे चार-पाच वर्षांत पीआर, कायमचा रहिवास, पक्काच की!’ मी म्हटलं, पत्र घेऊन आत या, आज त्यावरच बोलायचंय.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे उचल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. ती फिटेपर्यंत मजुराला मुकादम सोडता येत नाही. कंपनीच्या व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरची गत फार वेगळी नसते, फक्त पगार चांगला असतो. कायमच्या रहिवासाचं घड्याळ कधी सुरू होणार आणि नोकरी गेली तर ते थांबणार का, हे जायच्या आधी विचारायचं असतं. मी विचारलं नव्हतं.

अमेरिकेत कंपनीच्या नोकरीवरचा व्हिसा, एचवन-बी, मिळतो तीन अधिक तीन, असा सहा वर्षांचा. ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथल्या कायमच्या रहिवासासाठी, मालकाला आधी ‘पर्म’ करावं लागतं. म्हणजे या जागेला लायक स्थानिक माणूस मिळाला नाही, हे त्यांच्या श्रम खात्याला दाखवायचं. पर्मचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती तुमची प्रायॉरिटी डेट. रांगेतला नंबर म्हणा. नोकरीच्या वाटेनं वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण सात टक्के. देश धरतात तो जन्माचा. उद्या तुम्ही कॅनडाचे नागरिक झालात तरी सोलापुरात जन्मल्यामुळे रांग भारताचीच. (बायको नेपाळात जन्मलेली असेल तर तिच्या रांगेत शिरता येतं. पण व्हिसासाठी सोयरीक जमवा असं मी म्हणत नाही!) २०२५ च्या जुलैत भारतीयांची ईबी-२ रांग (उच्चशिक्षितांच्या गटाची) १ जानेवारी २०१३ या तारखेवर होती, म्हणजे त्याआधीच्या अर्जांचाच नंबर लागत होता. हिशेब तुम्हीच करा.

आता माझं. साहेब म्हणायचे, ‘पहिलं वर्ष जाऊ दे.’ मग म्हणाले, ‘पुढच्या अप्रेझलला बघू.’ तीन वर्षं गेली, पर्म काही दाखल झालं नाही. २०१८ मध्ये लेऑफ झाला. हातात साठ दिवस. तेवढ्यात नवी कंपनी नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. मी गुंडाळला. माझ्याच टीममधल्या एकाचा आय-१४०, म्हणजे पर्मनंतर मालकानं करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज, मंजूर होऊन १८० दिवस उलटले होते. नोकरी त्याचीही गेली, पण तारीख त्याच्याकडेच राहिली. पुढच्या कंपनीला पर्म नव्यानं करावं लागलं, रांगेतली जागा मात्र जुनीच. काम आमचं सारखंच होतं. त्यानं रुजू होण्याआधी पर्म कधी करणार हे लेखी घेतलं होतं, एवढाच फरक.

जर्मनीचं गणित मला आवडतं. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीचा परवाना) २७ महिने नोकरी, पेन्शनचा भरणा आणि ए-१ पुरतं, म्हणजे अगदी पहिल्या पायरीचं, जर्मन असेल तर कायमचा परवाना मागता येतो. भाषा बी-१ ला, म्हणजे मधल्या पायरीला, नेली की २१ महिन्यांत. हे सहा महिने वाचवणं तुमच्या हातात आहे, मालकाच्या नाही. आणि आपल्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात वाढलेलं पोर घरी तेलुगू, शाळेत मराठी, अक्कलकोटला गेलं की कन्नड बोलतं. त्याला चौथी भाषा कसली जड जातेय?

ऑस्ट्रेलियात ४८२ या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर दोन वर्षं काम झालं की मालक १८६ या कायमच्या व्हिसासाठी नाव देऊ शकतो. देईलच असं नाही. वयही सहसा ४५ च्या आत लागतं. तिथं स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणं गुन्हा आणि देणंही बेकायदा. ब्रिटनमध्ये कायमच्या रहिवासासाठीची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव सरकारनं २०२५ मध्ये आणला, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. शिवाय कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलात तर अडचण. गड्ड्याच्या यात्रेला या, पण दिवस मोजून या.

एजंटांचं थोडक्यात. आपल्या सरकारकडे नोंदणी असलेल्या भरती एजंटाला सेवाशुल्क घेता येतं ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. त्यापुढे कुणी लाखांत बोलायला लागला तर चहा पिऊन उठायचं.

हं, ते मघाचे पालक कुठं बसलेत? आणा ते पत्र. तिसरं पान... ग्रीन कार्डाबद्दल एकच ओळ आहे, ‘कंपनीच्या धोरणानुसार विचार केला जाईल.’ पोराला आज रात्रीच मेल करायला सांगा: रुजू झाल्यापासून कितव्या महिन्यात पर्म दाखल करणार? उत्तर येईपर्यंत सही थांबवा.